मी बरी आसय

बोरिवली पूर्व
२ जुलै २०२५

प्रिय आत्ये,

फोनच करणार होते, पण तुझं-माझं फोनवरचं बोलणं म्हणजे मी विचारते तब्येत आणि तू सांगतेस तांदळाचा भाव. तो कानातला यंत्रोबा तू डबीतच ठेवणार असशील तर आपण आपली पत्रंच लिहू. टॅबवर मेल उघडायला आता शिकलीच आहेस.

काम आहे, आणि मी घाबरले आहे.

काल ऑफिसातून घरी आले तर प्रांजल वरणभात जेवत होती आणि समोर टॅब. टॅबवर भाल्याच्या टोकाला कुणाचं तरी मुंडकं. हिचा घास चालूच. मी ओरडले, तर मान न वळवता म्हणते, "आई, हिस्टरी आहे ना. मिसनीच सांगितलंय बघायला."

ते खरंच आहे. चौथीच्या मुलांना 'आपलं शहर' असा प्रकल्प दिलाय. व्हिडिओ बघायचे आणि वर्गात उभं राहून बोलायचं. पालकांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी नवा चॅनेल टाकतं आणि खाली अंगठे उमटतात. कुणी काही बघत नाही, हे मी पैजेवर सांगते, कारण मीही बघत नाही. सुयोग आठवडाभर नाशिकला साइटवर, मी अंधेरीहून घरी येते तोवर दिवेलागण झालेली, आणि कुंदाताई बिचारी पोरीला खाऊपिऊ घालते, पण टॅबमध्ये काय चाललंय ते तिला कसं कळावं?

मारामारीचे सिनेमे मी तिला बघू देत नाही. गाणीसुद्धा आधी ऐकते. पण 'शैक्षणिक' असं लिहिलेलं असलं की ते थेट आत येतं, दाराशी कोणी अडवतच नाही. तिच्या डोक्यात काय जाऊन बसतंय ते मला दिसत नाही गं. ह्याचीच भीती वाटते.

तू जन्मभर इतिहास शिकवलास. चार चॅनेलच्या लिंक पाठवते. बघ आणि सांग, चालेल की नाही. तू हो म्हणालीस की मी सुटले.

तुझी,
शर्मू

———

मुलुंड
९ जुलै २०२५

चि. शर्मिष्ठा,

अनेक आशीर्वाद. तुझ्यापायी चार दिवस टॅबला डोळे लावून बसले. डोळ्यांत थेंब घालावे लागले, त्याचं पाप तुझ्या माथी. निकाल खाली देते.

पहिला चॅनेल. घोडे, नगारे, धूळ. निवेदक असा बेंबीच्या देठापासून ओरडतो की गडावरचा शत्रू सोड, ठाण्यातले लोक पळून जातील. सनावळीत चुका. भाल्यावरचं मुंडकं ह्याचंच. नापास.

दुसरा. एक दाढीवाला पोरगा फिरत्या खुर्चीत बसून म्हणतो, "हे तुम्हाला आजवर कुणीही सांगितलं नाही." जे सांगतो ते मी सातवीला दर वर्षी सांगत होते. आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी कुणाचा तरी वैरी. आपल्या पोरांनी शेजारपाजारच्या मुलांशी खेळायचं आहे अजून. नापास.

तिसरा कार्टूनचा. राजाचे डोळे निळे आणि राणी केस मोकळे सोडून राज्यकारभार बघते. नापास, पण हसू आलं म्हणून दोन गुण जास्त.

चौथा मात्र पास. पहिल्या वर्गात. मुंबईचा इतिहास, बाईंचा आवाज, जुने फोटो. कुठेही नगारा नाही. गोदी, गिरण्या, तलाव, आणि प्लेगच्या साथीवर एक भाग आहे तो तर अप्रतिम. मी पेन घेऊन बसले होते, एक सन चुकलेला सापडला नाही. रक्ताचा थेंब नाही, आवाज एकदाही चढत नाही. साथ कशी आली, सरकारी लोक घरोघर पाहणीला कसे येत, आजाऱ्यांना कसं नेत, सगळं शांतपणे सांगितलंय.

मुलांना बिघडवतं ते ओरडत येतं, शर्मू. हे ओरडत नाही. डोळे मिटून लाव तिला.

तुझी आत्या

———

१४ जुलै २०२५

मुलुंडच्या आजी,

मी प्रांजल. हा मेल शाळेने मला दिलेल्या आयडीवरून आहे. आई म्हणाली तू व्हिडिओ पास केलास म्हणून तुलाच विचारते.

मी प्लेगचा व्हिडिओ परत परत बघितला. माझा प्रकल्प त्याच्यावर आहे. मला काही शंका आहेत.

गाठ काखेत आणि मांडीच्या वरच्या बाजूला येते असं बाई म्हणाल्या. ती आधी केवढी असते? दाबल्यावर दुखते का?

पाहणीवाले आले की घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करायचे का? लहान मुलांना पण?

ज्यांना न्यायचे ते परत यायचे का? बाईंनी ते सांगितलंच नाही. दार बंद झालं असं म्हणाल्या आणि व्हिडिओ संपला.

मुलांना नेलं तर आईला बरोबर जाऊ द्यायचे का?

लवकर उत्तर दे.

प्रांजल

———

मुलुंड
१५ जुलै २०२५

माझ्या हुशार प्रांजल,

शाब्बास! एवढ्या वर्षांत इतके नेमके प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारले. तुझ्या आईने तर एकही नाही.

गाठ सुपारीएवढी असे, मग वाढे, आणि दुखे. हो, मुलांनाही तपासत. नेलेल्यांपैकी फार थोडे परत येत. खोटं कशाला सांगू? आणि आईला बहुधा बरोबर जाऊ देत नसत. म्हणून तर लोक इतके घाबरत.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही. ती आपल्या घरातली आहे. माझी पणजी सुंदराबाई गिरणगावात चाळीत राहायची. तिचा नवरा गिरणीत. साथ आली आणि तिला ताप भरला, गाठ आली. एका सकाळी चाळीत ओरडा झाला, पाहणीवाले आले! घरात मोठ्या माणसांत ती आणि तिची सासू. सासू मालवणची, अंगापिंडाने एवढीशी, पण डोकं केवढं! तिने सुनेला उठवलं, तोंड पुसलं, कुंकू लावलं, नेसूची गाठ मारून दिली आणि जात्यावर बसवलं. म्हणाली, दळ, आणि ओवी म्हण. पाहणीवाले दारात आले तर बाई दळते आहे, गाते आहे. एकाने विचारलं, बरं नाही का? तर सुंदराबाई हसून म्हणाली, "माका काय जावक नाय. मी बरी आसय."

म्हणजे, मला काही झालेलं नाही, मी बरी आहे. आणि पाहणीवाले पुढच्या दारी गेले! सुंदराबाई वाचली.

आमच्या पिढीत ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, तुझ्या आईला तेवढी सांगायची राहून गेली. वर्गात सांग, बाई खूश होतील. पण आईला आत्ताच सांगू नकोस हं. थेट प्रकल्पाच्या दिवशी तिला चकित करू. तोवर हे आपलं दोघींचं गुपित.

तुझी आजी

———

अंधेरी, ऑफिसातून
२८ जुलै २०२५

प्रिय आत्ये,

तुझे पाय धुऊन पाणी प्यायला हवं. पोरगी पार बदलली! टॅबला हात लावत नाही. पूर्वी बेल वाजली तरी ढिम्म हलायची नाही. आता बेल वाजली रे वाजली की झटकन उठते, तोंड धुते, टिकली लावते, पावडर लावते आणि जमिनीवर ताट घेऊन तांदूळ निवडायला बसते. वर गाणं म्हणते. मोठ्याने! कुंदाताई सांगते, परवा डासांची पाहणी करायला महापालिकेचे लोक आले, कुंड्यांतलं पाणी वगैरे बघायला, तर ही गात बसली होती आणि त्यातला एक म्हणाला, किती गोड मुलगी आहे.

आणि काय बोलते माहितीये? मालवणी! मला स्वतःला धड येत नाही. कसं काय गं, विचारलं की मान ताठ करून म्हणते, "माका काय जावक नाय. मी बरी आसय." काल सुयोगला व्हिडिओ कॉलवर पण हेच. तो हसून लोटपोट. तूच शिकवलंस ना? मी ओळखलं.

अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही. खाली खेळायला जात नाही, घरातच बसते. आंघोळ स्वतःची स्वतः करते, दार लावून. म्हणते मी आता मोठी झाले. घरातसुद्धा मोजे घालून फिरते, फरशी गार लागते म्हणे. मागच्या आठवड्यात गेटपाशी पायाला पत्रा लागला होता, मी हळद दाबली, दुसऱ्या दिवशी बघू म्हटलं तर म्हणाली बरं झालं. पूर्वी एवढंसं खरचटलं तर बिल्डिंग डोक्यावर घ्यायची.

जेवण जरा कमी झालंय. आज सकाळी डबा देताना हात गरम लागला, पण घाईत होते, आणि हवाच अशी आहे. संध्याकाळी बघते.

आता पुढचे चॅनेल पाठवू का? ग्रुपवर सगळ्यांना सांगितलंय, माझी आत्या तपासून देते म्हणून.

तुझी,
शर्मू

———

मुलुंड
२८ जुलै २०२५

शर्मिष्ठा,

फोन उचल. किती वेळा लावू? कुंदाचा नंबर माझ्याकडे नाही.

हे वाचलंस की ऑफिसातून ऊठ. कुंदाला फोन करून सांग, प्रांजलचे मोजे काढ, पाय बघ, जांघेत हात लावून बघ गाठ आहे का. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते साधं असतं, पण तिला ते साधं वाटत नाहीये. तिला वाटतंय तिला प्लेगची गाठ आली. तिला ताप आहे आणि ती लपवते आहे, शर्मू. टिकली, तांदूळ, गाणं, ते वाक्य, सगळं त्यासाठी. ते मीच तिला सांगितलं. आजारी बाईने पाहणीवाल्यांना कसं फसवलं ती आपल्या घरातली गोष्ट मी तिला लिहून पाठवली, आणि आईला सांगू नकोस असंही लिहिलं.

ती तुला दाखवणार नाही. ओरडू नकोस. जबरदस्ती करावी लागली तर कर.

शेजारच्या हर्षदने गाडी काढली आहे. मी निघते.

आत्या

———

बोरिवली
२९ जुलै २०२५

आत्ये,

तू खाली हॉस्पिटलच्या हॉलमध्ये बसली आहेस हे मला सुयोगने सांगितलं, तो रात्रीच नाशिकहून आला. वर येऊ नकोस. मला तुझ्याशी बोलता येणार नाही, मी काहीतरी भयंकर बोलेन. म्हणून लिहिते आहे.

तुझा मेल मीटिंगमध्ये वाचला. कुंदाताईला फोन केला. ती म्हणाली, मोजा काढू देत नाही ताई, चावते मला. मी घरी पोचले तेव्हा प्रांजल टिकली लावून तांदळाच्या ताटापुढे बसली होती. डोळे लाल, ओठ सुकलेले, आणि गात होती. आवाज फुटत नव्हता तरी गात होती. मी जवळ घेतलं तर अंग नुसतं भाजत होतं. मोजा काढला. आत्ये, पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजलेला, काळानिळा, आणि वास. नऊ वर्षांची पोर त्या पायावर चालत होती आणि मला दिसलं नाही. मी तिची आई आहे आणि मला ती शहाणी झाल्यासारखी वाटत होती.

मी उचललं तेव्हा तिने दाराची चौकट धरून ठेवली. "आई, मला देऊ नको. आई, मी दळते, मी दळते." कुंदाताईने एकेक बोट सोडवलं.

विष रक्तात गेलंय म्हणतात. आयसीयूत आहे. मला आत थांबू देत नाहीत, ठरलेल्या वेळीच. म्हणजे तू तिला पत्रात लिहिलंस अगदी तसंच, ते मी काल रात्री वाचलं. नर्सने मास्क लावलेला, डॉक्टरांनी मास्क लावलेला, आणि आई दाराबाहेर. तिला वाटतंय तिला नेलं.

ती डॉक्टरांना काही सांगत नाही. कुठे दुखतं? कुठेच नाही. इथे? नाही. पोटात? नाही. नुसतं ते एक वाक्य. हसून म्हणते, आत्ये. काल सलाइनची सुई उपटून टाकली, रक्त सगळीकडे. आज परत उपटली. डॉक्टर चांगले आहेत, पण आता म्हणाले, पुन्हा असं केलं तर हात बांधावे लागतील, कारण औषध थांबलं तर आम्ही काही करू शकणार नाही.

तिचे हात बांधले तर ती आतल्या आत मरेल. नाही बांधले तरी.

मी तुला एकच विचारलं होतं, चालेल की नाही. तू मला सन बरोबर आहेत म्हणून सांगितलंस. आणि माझ्या पाठीमागे माझ्या मुलीला सांगितलंस की आईला सांगू नकोस.

शर्मिष्ठा

———

बोरिवली, खाली हॉलमध्ये
२९ जुलै २०२५

शर्मू,

वर येत नाही. बोल तितकं थोडं आहे.

टाइप करायला वेळ लागतो आहे. जे लिहिते ते माझ्या बचावासाठी नाही. मला तशी भीती आयुष्यात वाटली नव्हती जशी काल घोडबंदर रस्त्यावर गाडी अडकली तेव्हा वाटली. आत्ता वाटते आहे.

मी व्हिडिओत चुका शोधत होते. मूल चुका शोधत नाही. मूल बघतं की ह्या गोष्टीत मी कुठे आहे. तिने तिची जागा शोधली आणि ती जागा मीच तिला करून दिली.

आता ऐक. ती कुणाचं ऐकणार नाही, कारण सुंदराबाईचं तिला पटलंय. ती म्हणते बरी आसय, कारण सुंदराबाई तसं म्हणाली आणि वाचली. पण शर्मू, सुंदराबाई जगली नाही. आमच्या घरात 'ती वाचली' म्हणतात ते पाहणीतून वाचली म्हणून. न्यायला आलेल्यांच्या तावडीतून वाचली. तापातून नाही. आम्ही सगळे लहानपणापासून ही गोष्ट तिथवरच सांगतो, पाहणीवाले पुढच्या दारी गेले तिथवर. पुढचं सांगताना माझे वडीलसुद्धा उठून जात. मीही प्रांजलला तिथवरच सांगितली. मला ते खोटं वाटलंच नाही, इतकी जिभेला सवय झाली आहे.

तिला पुढचं सांगायला हवं. मी लिहिलंय ते खाली आहे. तुझ्या आवाजात वाच, माझ्या नाही.

"प्रांजल, आजीने तुला गोष्ट अर्धी सांगितली. पाहणीवाले गेल्यावर सुंदराबाई जात्यावरच आडवी झाली. मग ती उठली नाही. तिला कुणी नेलं नाही, ती घरातच गेली. तिने लपवलं म्हणून गेली असं नाही. तेव्हा डॉक्टरांकडे त्या तापावर औषधच नव्हतं. लपवलं काय आणि सांगितलं काय, सारखंच होतं, म्हणून लोक लपवत. आता औषध आहे. तुझ्या हातातल्या नळीतून येतं ते तेच. तुला प्लेग नाही, पायाला पत्रा लागलाय, आणि जांघेतल्या गाठीला अवधाण म्हणतात. ते मला झालं होतं, तुझ्या आईला झालं होतं. पण दुखतं कुठे ते तू सांगितलं नाहीस तर डॉक्टर आंधळ्यासारखे शोधत बसतील. तुला कुणी नेलं नाही. आई भिंतीच्या पलीकडे बाकावर आहे. बाबा तिच्याशेजारी आहे. मी खाली आहे. गुपित ठेव असं मी म्हटलं होतं, ते मी परत घेते. आजीचं चुकलं."

आजारी मुलीला, अशा ठिकाणी, मेलेल्या बाईची गोष्ट सांगावी का? मला ठरवता येत नाही. माझा काटा बिघडलाय हे दिसलंच आहे. तू तिची आई. चालेल की नाही ते तू ठरव.

आत्या

———

बोरिवली
८ ऑगस्ट २०२५

आत्ये,

प्रांजल काल घरी आली. तुला सुयोगने कळवलंच आहे, पण बाकीचं मी सांगायला हवं.

त्या दिवशी तुझा मेल वाचून मी फोन फेकणार होते. ऐन आयसीयूत तिला मरणाचं सांगायचं? सुयोग नको म्हणत होता. पण संध्याकाळी भेटायला आत सोडलं तेव्हा तिने माझ्याकडे बघून तेच केलं. ओठ फुटलेले आणि हसली. "मी बरी आसय." मला. पाहणीवाल्यांना नाही, मला! तेव्हा ठरवलं.

वाचून दाखवलं. मध्ये थांबले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "मग तिचं बाळ होतं का?" मी म्हटलं, हो, एक मुलगा होता, तेच मुलुंडच्या आजीचे आजोबा, लहान होते. म्हणाली, "त्याला कळलं असेल ना की ती खोटं बोलतेय?"

मी म्हटलं, मला कळलं नाही प्रांजल, मला तर कळलंच नाही. आणि मी रडायला लागले. आईने रडू नये असं सगळे सांगतात, पण आवरेना. तर तिने माझा हात धरला, आणि स्वतःच्या जांघेवर नेऊन ठेवला. म्हणाली, "इथे. खूप." मग पाय. मग डोकं. मग पाठ. मग नुसती रडत होती आणि सांगत होती. नर्स धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं.

हात बांधावे लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी पायाला चीर देऊन पू काढला. आणखी थोडा उशीर झाला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबतात. पुढचं मी विचारत नाही.

मी तो व्हिडिओ बघितला. पहिल्यांदा, पूर्ण. तू पास केलास म्हणून मी बघितलाच नव्हता. त्यात खरंच वाईट काही नाही. बाईंचा आवाज इतका शांत आहे की शेवटी "दार बंद झालं" म्हणतात आणि पडदा काळा होतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुला-मला कळतं की व्हिडिओ संपला. ती एकटी बसून दार बंद झालेलं बघत होती. शेजारी कुणी असतं तर विचारलं असतं, कुणीतरी म्हटलं असतं, अगं संपला व्हिडिओ. कुणी नव्हतं. मी मीटिंगमध्ये होते.

सुयोगने टॅब माळ्यावर टाकलाय. मला ते पटत नाही, पण सध्या वाद नको. ग्रुपवर लिहिलं की आमची आत्या आता तपासून देणार नाही. कुणीतरी खाली अंगठा दाखवला.

तुझ्यावर राग आहे. तुझं ते पत्र नसतं तर प्रांजल सुटली नसती हे मला कळतं, आणि आधीचं पत्र नसतं तर अडकलीच नसती हेही. ह्याची वजाबाकी मला जमत नाही. तू आत्ता येऊ नकोस. गणपतीला ये. तोवर माझं मन थाऱ्यावर येऊ दे.

मला अजून भीती वाटते. ती खेळताना गप्प झाली तरी वाटते.

शर्मिष्ठा

———

मुलुंड
१० ऑगस्ट २०२५

चि. शर्मिष्ठा,

गणपतीला येईन. तू म्हणशील तेव्हा. तोवर पत्रही लिहीत नाही, प्रांजलला तर नाहीच.

आजोबांना कळलं होतं का, हे तिने विचारलं ना. मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलंच नाही. त्यांच्या मांडीवर बसून ती गोष्ट ऐकली आणि टाळ्या वाजवल्या.

औषधं वेळेवर दे. तूही जेव.

आत्या

———

१४ ऑगस्ट २०२५

मुलुंडच्या आजी,

मी प्रांजल. बाबांनी टॅब माळ्यावर ठेवलाय, म्हणून हा मेल मी कुंदाताईच्या फोनवरून करते आहे. तिने लॉगिन करून दिलं नाही, मी केलं.

माझा पाय बरा आहे. खरंच बरा आहे. टाके काढले तेव्हा दुखलं, मी दुखतंय म्हणून सांगितलं.

आजी, आईला परवापासून ताप आहे. ती म्हणते काही नाही गं, दगदगीने झालंय. गोळी खाऊन ऑफिसला जाते. काल आली आणि चप्पल न काढता सोफ्यावर बसून राहिली. बाबांचा फोन आला तर एकदम हसून बोलली, मस्त आहे म्हणाली. मी कपाळाला हात लावला तर तिने हात बाजूला केला. मी विचारलं कुठे दुखतं, तर म्हणाली कुठेच नाही.

मला म्हणाली बाबांना सांगू नकोस, त्यांचं काम अडेल. आणि मुलुंडच्या आजीला तर मुळीच नको, ती उगाच घाबरेल.

आई रागावेल मला माहीत आहे. मला खूप भीती वाटते आहे. पण मी तुला सांगते आहे.

तू गणपतीपर्यंत थांबू नकोस. आजच ये.

प्रांजल